दारात अडवलेली ट्रॉली

माझं तोंड फटकळ आहे, हे आधीच सांगून टाकते. डहाणूच्या एका दवाखान्यात बाळंतिणींच्या वॉर्डात मी सिस्टर आहे. माहेर धाकटी डहाणू. बाप होडीवर, आई बाजारात मासळी घेऊन बसायची. आवाज तिच्याकडून आला आणि रागही तिच्याचकडून. वॉर्डात मी बोलायला लागले की शेजारच्या वॉर्डातले पुरुष पेशंटसुद्धा गप्प बसतात, असं आमचे ट्रॉलीवाले मामा म्हणतात. मामा वाढवून सांगतात, पण फार नाही.

ही सगळी हकिगत एका सुईची. सुई म्हणतो आम्ही सगळेच, पण शिरेत राहते ती खरं तर प्लॅस्टिकची नळी. टोचून झालं की आतली सुई बाहेर काढून टाकतात. त्या नळ्यांना रंग असतात. पिवळी तान्ह्या बाळांची, निळी बारीक, गुलाबी मधली, आणि हिरवी नि करडी या जाड. जाडीतून सलाईन आणि रक्त धो धो जातं, बारकीतून ठिबकतं. लेबर रूममध्ये, म्हणजे बाळंतपणाच्या खोलीत, कुणाचं रक्त जरा जास्त गेलं की दोन्ही हातांना एकेक जाड सुई घालून ठेवतात. पुन्हा रक्त जायला लागलं तर धावपळीत शीर शोधत बसायला नको. मग बाई ट्रॉलीवरून आमच्या वॉर्डात येते आणि तिच्या हातांबरोबर त्या दोन सुयाही येतात.

आमच्या वॉर्डाची एक जुनी पद्धत होती. बाई पलंगावर टेकली की पहिलं काम म्हणजे हात मोकळा करायचा. जाड सुया काढायच्या आणि इंजेक्शनांपुरती एक निळी घालायची. याला कारणं होती, उगीच नव्हतं. कोपराच्या वळणात जाड सुई असली की हात वाकत नाही, बाळाला पाजायला घेता येत नाही. घाईत घातलेली सुई दुसऱ्या दिवशी सुजते, लाल होते, ताप आणते. आणि नातेवाईक तर पहिल्या मिनिटापासून मागे लागतात, सिस्टर, काढा ना ती, किती दुखतंय तिला. काढली की बायका दुवा देतात. मला तर फार दुवा मिळायच्या, कारण सगळ्या वॉर्डात माझा हात सगळ्यात चपळ होता. बाई अजून उशीवर नीट डोकं टेकवते न टेकवते तोच मी कापूस दाबून मोकळी. मला त्याचा केवढा तोरा होता!

तो तोरा उतरला माझ्याच आळीतल्या एका बाईमुळे. लहानपणापासून ओळखत होते मी तिला, बोंबील वाळत घालायला आम्ही एकत्र जायचो. पहिलं बाळंतपण होतं. ट्रॉलीवरून आली तशी मला बघून हसली आणि म्हणाली, आता तू आहेस, मला काही काळजी नाही. मी लाडाने तिच्या दोन्ही हातांच्या जाड सुया काढल्या, निळी घातली, बाळ तिच्या कुशीत दिलं. अर्ध्या तासात तिचं रक्त जायला लागलं. अशा वेळी शिरा आत ओढल्यासारख्या बसून जातात. आम्ही चौघी दोन हात नि दोन पाय वाटून घेऊन शीर शोधत होतो आणि निळीतून सलाईन ठिबकत होतं, टप, टप, टप. शेवटी डॉक्टर मॅडमनी मानेतून जागा मिळवली. ती वाचली. गर्भाची पिशवी मात्र काढावी लागली. तिला पुढे मूल होणार नाही हे तिच्या आईला सांगताना मॅडमच्या शेजारी मी उभी होते.

मला कुणी एक शब्द बोललं नाही. पद्धतच होती ना तशी. पण मला माहीत होतं ना! मी चार दिवस आईकडे जाऊन राहिले. आई आता बाजारात बसत नाही, पण जिभेची धार तीच. तिला सगळं सांगितलं तर ती म्हणाली, "तुला मी लहानपणी काय शिकवलं गं? लिलावात टोपली घेताना वरचे दोन सरंगे बघून घेतेस का? खाली हात घाल म्हणून किती ओरडायचे तुझ्यावर! तो देतोय म्हणून घ्यायचं, नि घेतल्यावर घाईघाईत त्यातलं अर्धं फेकायचं. कुठली रीत ही?" मला तिचा भयंकर राग आला. मी म्हटलं, बाईमाणसाची नि मासळीची काय बरोबरी करतेस. पण परत येताना रिक्षात बसल्या बसल्या माझ्या डोक्यात तेच घोळत होतं.

आणि मी वॉर्डात एक नियम काढला. मला कुणी विचारलं नव्हतं. ट्रॉली वॉर्डाच्या दारात आली की देणारी सिस्टर आणि घेणारी सिस्टर, दोघींनी मिळून दोन्ही हातांवरची पट्टी उचलून बघायची. सिरिंजने थोडं पाणी आत ढकलून बघायचं, जातंय की मांसात मुरतंय. मग घेणारीने सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचं, 'दोन जाड, दोन्ही चालू.' पट्टीवर कुठल्या दिवशी, किती वाजता घातली ते पेनाने लिहायचं. डॉक्टर म्हणेपर्यंत सुई काढायची नाही, आणि डॉक्टरांना रोज सकाळी विचारायचंच, की ही अजून कशाला हवी? काढायची घाई नको, तशी विसरून ठेवून द्यायचीही नाही.

लेबर रूमवाल्यांनी माझं नाव ठेवलं मासळीवाली. ट्रॉली ढकलत आल्या की लांबूनच हाक, "चला, मासळीवाली बसलीय दारात, हात घालू द्या तिला!" मामासुद्धा हसायचे. आमच्या इन्चार्ज सिस्टर मात्र हसल्या नाहीत. रिटायरमेंटला आलेल्या, शिस्तीच्या, साडीची घडी संध्याकाळपर्यंत मोडत नाही अशा. त्या मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "हा वॉर्ड आहे, मासळीबाजार नाही."

मी म्हटलं, "सिस्टर, मासळीबाजारात एवढी मोठी चूक चालली नसती."

दोन दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. चहासुद्धा एकट्या प्यायल्या.

अशा दिवसांत ती पोरगी आली, तलासरीकडच्या वेवजीची. पहिलीच खेप. अंगाने काटकुळी, आणि रक्त मुळातच कमी. दुपारी मुलगी झाली. बाळंतपणात रक्त जरा जास्तच गेलं, मग थांबलं. लेबर रूममध्ये तिच्या उजव्या हाताला करडी आणि डाव्या हाताला हिरवी घातली होती. बरोबर सासू होती, फडक्यात नागलीच्या भाकऱ्या बांधून आणलेली, आणि पदराखाली नात. नवरा वापीला कामावर, तो निघाला होता.

भेटायची वेळ होती. बाहेरचा पॅसेज माणसांनी फुललेला. ट्रॉली दारात आली. फाइलवर स्वच्छ अक्षरात लिहिलेलं, दोन जाड, दोन्ही चालू. लेबर रूमची सिस्टर माझ्याच वयाची, आमचं तसं जमतं, पण तिला घाई होती. आत दुसरी बाई कळा देत होती. मी डावी पट्टी उचलली. झकास. पाणी ढकललं, सुळकन गेलं. उजव्या हाताला मात्र बँडेजचा हा एवढा गठ्ठा बांधलेला.

"हे उघड," मी म्हटलं.

"अगं, हात झाडत होती म्हणून बांधलंय. आत्ता बघून आणलीय. चालू आहे."

"उघड."

"तू ना, खरंच..." असं म्हणत तिने कात्री घातली. शेवटचा वेढा सुटला तशी तिची मान खाली गेली. आतला कापूस चिंब. नळी अर्धी बाहेर सरकलेली, हात आंबवलेल्या पिठासारखा फुगलेला. वरून बाटलीतलं सलाईन जात होतं ते सगळं त्या बँडेजमध्ये. कागदावर चालू आणि हातात बाद.

"मॅडमना बोलव. दुसरी जाड घालू देत, मग आत."

"आत घेऊन तू घाल ना! मला जायचंय."

माझा पारा चढला. अशा काटकुळ्या हातात जाड सुई घालायला मॅडमच लागतात, आणि एकदा पेशंट वॉर्डात आला की तो वॉर्डाचा. मग मॅडमना लेबर रूममधून बोलवायचं तर फोन करा, मामांना पाठवा, अर्धा तास कुठे गेला नाही. आणि आत्ता मॅडम पंधरा पावलांवर होत्या. मी ट्रॉलीसमोर आडवी उभी राहिले आणि बोलले, माझ्या नेहमीच्या आवाजात बोलले, म्हणजे सगळ्या पॅसेजने ऐकलं. "अशी मी हिला घेणार नाही! घेऊन जा परत!"

झालं, सगळे माझ्या अंगावर. भेटायला आलेली माणसं वाट देईनात, उलट जमून बघायला लागली. मामा म्हणाले, ट्रॉली मागे घेऊ की पुढे, एकदा ठरवा. सासू माझा हात धरून म्हणाली, "बाय, घे ना माझ्या वहूला आत. आणि ती दुसरीपण काढ. हाताला असं असल्यावर भाकर कशी खाईल ती?" तेवढ्यात इन्चार्ज आल्या.

"काय चाललंय? रक्त थांबलंय ना हिचं? मग ती सुई तासाभरात काढणारच आहोत. नवीन कशाला टोचायची? पोरीला त्रास द्यायला?"

"सिस्टर, तासाभरात काय होईल ते तुम्हाला माहितीये का? मला नाही माहीत."

त्या काही बोलणार तोच हात पुसत मॅडम आल्या. आमच्या मॅडम तशा वयाने लहान, माझ्या धाकट्या बहिणीएवढ्या. त्यांनी एकदा तो फुगलेला हात बघितला, एकदा पोरीच्या खालच्या पापण्या ओढून आतला पांढरा फटक रंग बघितला. म्हणाल्या, "रक्त आधीच कमी आहे हिचं. घालते."

मी म्हटलं, "मॅडम, वळणात नको, इथे खाली मनगटाच्या वर घाला, म्हणजे कोपर वाकेल. भाकरी खायचीय तिला." मॅडम हसल्या. दुसऱ्या प्रयत्नाला करडी आत गेली. पोरीने डोळे गच्च मिटून घेतले, पण हूं की चूं नाही. मी पाणी ढकललं, पट्टीवर वेळ लिहिली आणि ओरडले, "दोन जाड, दोन्ही चालू!" ट्रॉली आत गेली. इन्चार्ज माझ्याकडे न बघता टेबलाकडे गेल्या.

सासूने भाकरी मोडून दिली, पोरीने आपल्या हाताने दोन घास खाल्ले. मी मनात म्हटलं, चला, हेही झालं. आणि खरं सांगते, पुढे काहीच झालं नसतं तर मला सगळ्यांनी महिनाभर पिडलं असतं.

तास झाला नसेल. मी शेजारच्या पलंगावर टाके बघत होते. पोरगी बारीक आवाजात म्हणाली, "सिस्टर, मला थंडी वाजते." एवढंच. त्या उकाड्यात थंडी! मी चादर उचलली. गादी भिजून रक्त खाली टपकत होतं. पोट हाताला लागलं ते मऊ, कणकेसारखं. बाळंतपणानंतर पिशवी आकसून दगडासारखी व्हायला हवी, ती झालीच नव्हती. मी एका हाताने पोट दाबून धरलं आणि अशी हाक मारली की मॅडम म्हणे लेबर रूममध्ये जागच्या जागी उडाल्या.

आणि मग काय सांगू! सलाईनच्या नळ्यांवरच्या, धार कमीजास्त करायच्या दोन्ही चकत्या पूर्ण सोडल्या. डावीकडून सलाईन, उजवीकडून औषध नि सलाईन, असं धो धो जात होतं की बाटली डोळ्यांसमोर रिकामी होताना दिसत होती. कुणी शीर शोधत नव्हतं. कुणी हात चोळत नव्हतं, पायाला थपडा मारत नव्हतं. रक्ताची पिशवी आली तशी ती उजव्या हाताला जोडली. बघते तर पिशवी दोन्ही हातांनी पिळत कोण उभं? इन्चार्ज. साडीची घडी मोडलेली, पदर खोचलेला, चष्मा नाकावर घसरलेला. नाडी आधी बोटाला लागतच नव्हती, मग सुतासारखी लागली, मग जरा भरली. मी मोठ्याने सांगत होते आणि मला माझाच आवाज परका वाटत होता. माझ्या डोळ्यांसमोर सारखी माझ्या आळीतली ती येत होती. मी मनात म्हणत होते, ही नाही, ही नाही जाणार, हिची पिशवीसुद्धा जाणार नाही.

मॅडम म्हणाल्या, ऑपरेशन थिएटरला घ्या. आम्ही ट्रॉली पळवली. थिएटरच्या दारात तिथली सिस्टर, जी मला सगळ्यात जास्त चिडवायची, ती स्वतःहून दोन्ही हातांच्या पट्ट्या उचलून बघायला लागली. मी तोंड उघडायच्या आधी माझ्या मागून इन्चार्ज ओरडल्या, "दोन जाड, दोन्ही चालू! घ्या आत!"

देवा शप्पथ, त्या क्षणी मला तिथे पॅसेजमध्ये नाचावंसं वाटलं.

आत मॅडमनी पिशवीत फुगा घालून तो पाण्याने फुगवला, आतून दाब बसला, औषधांनी पिशवी हळूहळू आवळली आणि रक्त थांबलं. मॅडम बाहेर आल्या त्या मास्क खाली ओढतच. म्हणाल्या, "थांबलं. पिशवी काढायला लागली नाही." मी धुणीघरात गेले, दार लावलं आणि भोकाड पसरून रडले. आनंदाने रडले, पण नुसत्या आनंदाने नाही. बाहेर आले तर इन्चार्ज चहाचे दोन कप घेऊन उभ्या. एक माझ्या हातात दिला. म्हणाल्या, "उद्या लेबर रूमच्या मुलींना नीट शिकव. आणि आवाज जरा कमी ठेव." मी म्हटलं, पहिलं करेन.

दुसऱ्या दिवशी सकाळी डावी हिरवी काढली, घातली होती तिथे जरा लाली धरत होती. मॅडमनी विचारायच्या आधी मीच दाखवली. तिसऱ्या दिवशी करडीसुद्धा काढली, कारण आता ती कशाला हवी याचं उत्तर कुणाकडेच नव्हतं. लेबर रूमच्या मैत्रिणीने स्वतः येऊन कापूस दाबून धरला. आता त्यांच्याकडून ट्रॉली येते ती पट्ट्या आधीच सोडून. थिएटर आणि बाळंतिणीचा वॉर्ड कशाला, पुरुषांच्या वॉर्डातसुद्धा आता दारात तेच चार शब्द ऐकू येतात. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, मग, मी काय सांगत होते! दोन दिवस ती आळीभर तेच सांगत फिरली.

मी तर हवेतच होते. आठवड्याने पोरीला घरी सोडायचं ठरलं. नवरा रिक्षा बघायला गेला होता, सासू पिशव्या बांधत होती. पोरगी पलंगाच्या कडेला मुलीला घेऊन बसली होती, ओठांवर रंग आलेला. त्यांच्या बोलीत लहानमोठ्या सगळ्यांना तूच म्हणतात. ती म्हणाली, "सिस्टर, एक विचारू? रागावशील?"

"विचार की."

"त्या दिवशी दारात तू मला का घेत नव्हतीस?"

मला आधी कळलंच नाही. ती बाळाच्या टोपडीची दोरी बोटाला गुंडाळत म्हणाली, "तू ओरडलीस ना, हिला घेणार नाही, परत घेऊन जा. सगळी माणसं बघत होती. मला वाटलं, आम्ही वेवजीचे, पाड्यावरचे म्हणून. का कागद नाही म्हणून. मी डोळे मिटून मनात म्हणत होते, मला नको घेऊ बाय, पण माझ्या पोरीला तरी आत घे."

हूं की चूं केलं नव्हतं तिने, आणि मी समजत होते पोरगी सोशीक आहे! तिचे दोन्ही हात मी तपासले होते, पाणी ढकलून, वेळ लिहून. तिच्या तोंडाकडे एकदासुद्धा बघितलं नव्हतं. मी तिच्याजवळ पलंगावर बसले आणि सगळं सांगितलं. करडी काय, हिरवी काय, बँडेजमध्ये काय दिसलं, माझ्या आळीतल्या बाईचं काय झालं, सगळं. ते मी आईशिवाय कुणाला सांगितलं नव्हतं. ऐकता ऐकता तिचे डोळे मोठे झाले, मग ती खुदकन हसली.

"म्हणजे तू माझ्यासाठी भांडत होतीस?"

"मग काय तर!"

"मग आधी सांगायचं ना गं," ती म्हणाली आणि मुलगी माझ्या मांडीवर दिली. "हिला घे आता. हिला पण नीट बघून घे."

मी दुपटं उघडलं, हातपाय बघितले आणि सवयीने ओरडले, "दोन हात, दोन पाय, सगळे चालू!" सगळा वॉर्ड हसला. टेबलामागून इन्चार्जसुद्धा हसल्या. मी हसत होते आणि नाक पुसत होते.

दारातला नियम मी कागदावर लिहून भिंतीला लावला होता, त्यावर दुसऱ्या दिवशी सगळ्यात वर एक ओळ लिहिली, आधी बाईशी बोला. आता ट्रॉली दारात आली की पट्टीला हात लावायच्या आधी बाईच्या कपाळावर हात ठेवते आणि तिच्याकडे बघून म्हणते, "तुला घेतलं गं. आता हात दाखव."